सासऱ्यांना किनाऱ्यावरून फ्लाय फिशिंग शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

रेनकोट

नमस्कार मंडळी. मी रेडमंडला राहतो, सिअ‍ॅटलच्या पलीकडे. तीनेक वर्षं प्युजेट साउंडच्या (इथला जमिनीत शिरलेला समुद्राचा फाटा) किनाऱ्यावरून फ्लाय फिशिंग करतोय, म्हणजे पिसं-धाग्यांचं हलकं बनावट आमिष (फ्लाय) जड लाइनच्या झोकाने फेकायचं, आता करतोय असं आपलं म्हणायचं, हिशोब मांडला तर पंधराएक सी-रन कटथ्रोट (समुद्रात उतरणारा ट्राउट) आणि एकच हम्पी (गुलाबी सॅमन). त्यामुळे मी स्वतः अर्धा कच्चा, आणि आता दुसऱ्याला शिकवायची वेळ आलीय.

सासरे आलेत सहा महिन्यांसाठी. अण्णा, वय ६८, देवगडकडचे. नोकरी बँकेत झाली पण सुट्टी म्हटली की कातळावर जाऊन गरवणार, हा त्यांचा नेम. नायलॉनची दोरी, शिसं, गरी, कोळंबीचं आमिष, बस. रॉड बिड कधी हातात घेतला नाही. इथे आल्यापासून घरात बसून कंटाळलेत, मी म्हटलं चला तुम्हाला माझा प्रकार दाखवतो. घरामागच्या गवतावर नेलं, रॉड दिला, तर त्यांनी शिसं गरगर फिरवून फेकतात तसा हात फिरवला आणि अख्खी लाइन आमच्या दोघांच्या गळ्यात. वर मला विचारतात, "हो चाबूक कित्याक? आणि ह्येका शिसां खंय?" मी वजन लाइनमध्येच असतं वगैरे समजावलं तर माझ्याकडे असं बघितलं की जावई पिसाळलाय बहुतेक.

मी स्वतः शिकलो ते एका दुकानाच्या क्लासमध्ये, तिथे पहिले दोन तास नुसत्या गाठी आणि मग रॉड घड्याळाच्या काट्यासारखा पुढेमागे, दहा ते दोन, दहा ते दोन. अण्णांना तसं शिकवलं तर ते दुसऱ्या दिवशी येणारच नाहीत. बायको म्हणतेय त्यांना त्रास देऊ नकोस, पार्कात फिरायला ने.

तर प्रश्न असे की आधी गवतावर कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, पक्कं करून घ्यावं का थेट पाण्यावर न्यावं, कुठला बीच या वयाच्या माणसाला बरा, आणि त्यांना लायसन्स लागेल का. रॉड माझाच आहे, सहा वेट (म्हणजे मध्यम ताकदीचा), नऊ फुटी, लाइन इंटरमीडिएट, हळूहळू बुडणारी.

स्पिनिंगवाला

भाऊ सरळ सांगतो, राग मानू नका. ६८ वर्षांच्या माणसाला फ्लाय कशाला? स्पिनिंग रॉड द्या, रीळवाला, वजनदार आमिष फेकायचा, पुढे गुलाबी बझ बॉम्ब लावा, ऑगस्टमध्ये लिंकन पार्कला उभं करा. यंदा विषम साल आहे, हम्पी अशाच सालांत येतात, त्यामुळे येणारच. दहा मिनिटांत फेकायला शिकतील आणि शिसं पण मिळेल त्यांना, कारण बझ बॉम्ब म्हणजे रंगवलेलं शिसंच आहे 😄 फ्लायवाले लोक अर्धा वेळ लाइन सोडवत असतात आणि उरलेला वेळ मागच्या झाडातून फ्लाय काढत असतात, हे माझं निरीक्षण आहे.

लायसन्स मात्र लागतं. पंधरा आणि त्यावरच्या सगळ्यांना. टुरिस्ट व्हिसावर आलेत म्हणजे नॉन-रेसिडेंटचा दर, एक-दोन-तीन दिवसांचं पण मिळतं. वर्ष एप्रिल ते मार्च धरतात. सॅमन मारायचा असेल तर कॅच रेकॉर्ड कार्ड, म्हणजे धरलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड, पण घ्या.

टॅकोमाकर

रेनकोट, तुम्ही अण्णांना नवशिके समजताय ना, माझ्या मते तिथेच गोम आहे. स्पिनिंगवाले भाऊंचं चूक नाही, मासा खायचा असेल तर हम्पीसारखा सोपा उपाय नाही, पण ऑगस्टला अजून दोन महिने आहेत आणि गरीवाल्या माणसाला स्पिनिंगपेक्षा फ्लाय जवळची आहे हे मी स्वतःच्या घरात बघितलंय. माझे काका हर्णैचे, त्यांना इथे शिकवताना माझीच अक्कल वाढली.

असं बघा. फ्लाय रॉडमध्ये उजव्या हातात रॉड असतो तो सगळ्यांना दिसतो, त्याचे फोटो निघतात. पण मासा धरतो डावा हात. लाइन उजव्या तर्जनीखालून येते आणि मागून डाव्या हाताने ती ओढायची, टिचभर, हातभर, थांबायचं, परत टिचभर. माशाने तोंड लावलं की तो टोला तर्जनीवर कळतो. आता सांगा, अण्णांनी कातळावर बसून आयुष्यभर काय केलं? बोटावर दोरी घेऊन टोल्याची वाटच बघितली ना? म्हणजे अर्धं फ्लाय फिशिंग त्यांना येतं, आणि ते अर्धं तुम्हाला मला यायला दोन सीझन गेले.

दुसरं, मासा लागला की नदीत ट्राउट करणारी माणसं रॉड वर उचलतात. खाऱ्या पाण्यात ओढत्या फ्लायला तसं केलं की फ्लाय माशाच्या तोंडातून निघून येते. इथे रॉड खाली पाण्याकडेच ठेवायचा आणि डाव्या हाताने दोरीला हिसका द्यायचा. इथल्या पोरांना ही सवय लागेपर्यंत नाकी नऊ येतात. गरीवाल्याला सांगावंच लागत नाही, त्याला दुसरं काही माहीतच नसतं.

म्हणून माझं म्हणणं, पहिल्या दिवशी कास्टिंग नकोच. पर्डीला न्या, गिग हार्बरच्या पुढे. तिथे बर्ली लगूनचं (आतल्या खाजणाचं) पाणी ओहोटीला पुलाखालून बाहेर निघतं, चक्क नदीसारखं. अण्णांना घोटाभर पाण्यात, पुलापासून जरा लांब, त्या धारेच्या कडेला उभं करायचं. वीस-पंचवीस फूट लाइन हाताने बाहेर काढून पाण्यात सोडायची, धार ती स्वतःच घेऊन जाते. लाइन ताणली, अर्धवर्तुळ काढून काठाकडे आली, की मग ओढा. एकसुद्धा कास्ट न मारता फ्लाय माशासमोरून जाते. मासा लागला तर लागला, नाही लागला तरी दोरी हातात कशी बोलते ते त्यांना कळेल आणि मग ते स्वतःच विचारतील की अजून दहा फूट पुढे टाकायचं कसं. त्यांनी विचारलं की मग कास्टिंग.

आणि तुम्ही स्वतः कमरेएवढ्या पाण्यात जात असाल तर ते आधी बंद करा. तीन वर्षांत पंधरा म्हणताय म्हणून शंका आली. सी-रन कटथ्रोट अगदी काठाला असतो, गुडघाभर पाण्यात, कालवांच्या थरावर, ओढ्याच्या तोंडाशी. तुम्ही जिथे उभे राहता तिथेच तो थोड्या वेळापूर्वी होता. आधी कोरड्यात उभं राहून दोन-चार वेळा टाकायचं, मग पाऊल.

पर्डीला एक सांभाळा, मागे रस्ता आहे आणि गाड्या जातात. पाणी भरलेलं असताना जाऊ नका, कास्ट मारायला मागे जागाच राहत नाही. ओहोटी लागून तासभर झाला की बीच उघडतो.

फ्लाय साधी, क्लाउझर मिनो, दीड-दोन इंची, वर हिरवी खाली पांढरी. डोळ्यांच्या जागी शिशासारखे मणी असतात, अण्णांना ते दाखवा, म्हणावं हे बघा तुमचं शिसं. ही फ्लाय बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सस्क्वेहाना नदीत बाससाठी बांधली आणि आता जगभर खाऱ्या पाण्यात चालते. हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा (बार्ब) पकडीने दाबून टाका, इथे बार्ब चालत नाही.

निळी_छत्री

टॅकोमाकर म्हणतात ते पटलं पण कास्टिंग अजिबात नको हे मला जरा जास्तच वाटतं. वारा सुटला की काय कराल? माणसाला निदान हुक आपल्या अंगावर येणार नाही एवढं तरी यायला हवं. मी शिकत होते तेव्हा वारा उजवीकडून होता आणि क्लाउझर सणकून कानामागे बसली, जड मणी असतात हो त्याला, डोकं बधिर झालं. त्यामुळे टोपी आणि चष्मा आधी, रॉड नंतर. उजवीकडून वारा असेल तर पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं, किनाऱ्याकडे कास्ट मारायचा आणि मागचा कास्ट पाण्यावर सोडून द्यायचा. दिसतं विचित्र पण कान शाबूत राहतो.

गवतावर पंधरा-वीस मिनिटं पुरेत, हुकच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. घड्याळाचे काटे वगैरे सांगू नका. मी माझ्या आईला असं सांगितलं की पूजेत गुरुजी आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडतात ते आठव. हात फिरवत नाहीत ते, झटकतात आणि थांबवतात. हात थांबला की मगच पाणी सुटतं. रॉडचं तेच आहे, थांबवला नाही तर लाइन सुटतच नाही, नुसती हवेत लोळते. आणि मागे गेल्यावर लाइन सरळ व्हायला वेळ द्यायचा. ही घाई सगळ्यांचीच होते. अण्णा चाबूक म्हणाले ना, त्यांना सांगा की चाबकासारखा आवाज आला तर फ्लाय तुटून गेली असं समजा. खरंच जाते.

चाळीस फूट गेली तरी भरपूर. इथले व्हिडिओ बघून लोक नव्वद फुटांच्या मागे लागतात, खांदा धरतो आणि मासे पायाशी.

अजून एक, लाइनसाठी टब कमरेला बांधा. विकत घेऊ नका, भांडी घासायचा प्लास्टिकचा टब, तळाला भोकं पाडून आतून झिप टाय उभे काढायचे म्हणजे लाइन गुंतत नाही, आणि बंजी कॉर्डने कमरेला. नाहीतर ओढलेली लाइन लाटेबरोबर पायात येते, दगडांवर चिकटलेल्या धारदार बार्नॅकल्सवर घासून नवी कोरी लाइन खरवडून निघते. माझी निघाली. वेडर्स (पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची रबरी विजार) घालणार असाल तर वरून पट्टा घट्ट हवाच, आणि पाणी जूनमध्येसुद्धा साधारण ११-१२ डिग्री असतं, देवगडच्या हिशोबाने ते फ्रीजमधलं पाणी झालं. आत दोन जोड लोकरीचे मोजे द्या.

सी-रन खाऱ्या पाण्यात ठेवता येत नाही, सोडावाच लागतो, हे त्यांना घरूनच सांगून न्या. तिथे बीचवर सांगितलंत तर भांडण होईल.

स्पिनिंगवाला

सोडायचाच तर मग कशाला एवढा उपद्व्याप, मी म्हणतोय ते हेच 😄 बरं ते आंब्याच्या डहाळीचं भारी होतं.

खारंवारं

मी रत्नागिरीहून वाचतोय, मध्येच तोंड घालतो. अण्णांना भरती-ओहोटीचं गणित तिथीवरून येत असणार, त्यावर तिकडे विसंबू देऊ नका. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी हे पण त्यातच येतं. माझा भाऊ व्हँकुव्हरला असतो, तो म्हणतो तिकडे हे गणित साफ आपटतं. आणि जमलं तर येताना रॉड घेऊन या अण्णांबरोबर, इकडे खाडीच्या तोंडाशी पावसाळा सरल्यावर बघू काय होतंय ते.

टॅकोमाकर

खारंवारं, बरोबर. इथे दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक खोल जाते आणि एक अर्ध्यातच परत फिरते. सिअ‍ॅटलला सरासरी फरकच ११ फुटांच्या वर आहे, खाली ऑलिंपियाकडे १४ च्या पुढे. त्यात उन्हाळ्यात खोल ओहोटी दिवसा येते आणि हिवाळ्यात रात्री. माझे काका पहिल्या आठवड्यात पंचांग आणि टाइड टेबल शेजारी ठेवून बसले होते, शेवटी म्हणाले ह्या समुद्राला शिस्त नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे तीच, पाणी उभं राहिलं की चहा प्यायचा. चाललेलं पाणी हवं, मग भरती असो नाहीतर ओहोटी.

निघण्याआधी फिश वॉशिंग्टन अ‍ॅपवर त्या एरियाचे नियम त्याच दिवशी बघा, सीझनच्या मध्येच बदलतात. स्टेट पार्कला गेलात तर गाडीसाठी डिस्कव्हर पास लागतो.

रेनकोट

मंडळी, खूप आभार. दोन आठवडे काही लिहिलं नाही कारण आम्ही किनाऱ्यावरच होतो. सविस्तर सांगतो.

निळी_छत्रींचं ऐकून आधी गवतावर गेलो. डहाळीचं सांगितल्यावर अण्णा हसले आणि तिसऱ्या-चौथ्या झटक्याला लाइन सुटली, माझ्यापेक्षा सरळ. पण पाच मिनिटांतच कंटाळले, "हय मासो खंय आसा?" म्हणून रॉड खाली ठेवला. मग रविवारी पर्डी.

ओहोटी लागून तास झाला होता. मी घाईघाईने वेडर्स चढवत होतो आणि अण्णा नुसते काठाने चालत गेले, हात मागे बांधून. दहा-बारा मिनिटं एक शब्द नाही. मग एका जागी थांबले आणि बोट दाखवलं, धारेचं पळतं पाणी आणि काठाचं संथ पाणी जिथे घासतात तिथे एक तेलकट रेघ दिसत होती, तिच्या आतल्या अंगाला कालवांचा थर. मी त्या बीचवर निदान वीस वेळा गेलोय, ती रेघ मी कधी बघितली नव्हती, मी आपला तिच्यावरून चालत पुढे जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचो. टॅकोमाकर, तुमची शंका रास्त होती हो.

लाइन धारेत सोडून दिली. त्यांनी रॉड काखेत धरला, होय काखेत, आणि दोन्ही हातांनी ओढायला लागले. मी म्हणणार होतो की असं नाही, मग म्हटलं असू दे. चौथ्या का पाचव्या खेपेला त्यांचा हात थांबला. मला काहीच दिसलं नाही. त्यांनी अर्धा सेकंद वाट बघितली आणि मग बारीकसा हिसका दिला, मनगटाचाच, आणि रॉडचं टोक थडथडायला लागलं. रील वगैरे भानगड नाही, हातावर दोरी घेत घेत मासा पायाशी आणला. तेरा-चौदा इंच असेल, अंगभर ठिपके आणि हनुवटीखाली ती केशरी रेघ, कुंकवाचं बोट ओढल्यासारखी. अण्णा वाकून बघत राहिले, मी हात ओले करून पाण्यातच हुक काढला आणि मासा सटकला.

घरून सगळं सांगून नेलं होतं तरी व्हायचं ते झालंच. "सोडलंस? मगे धरूचो कित्याक?" मी नियम सांगितला, संख्या सांगितली, कायदा सांगितला. ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, परत जाऊन त्याच जागी उभे राहिले. अजून दोन धरले आणि ते दोन्ही स्वतःच सोडले, पण प्रत्येकाला सोडताना मालवणीत काहीतरी पुटपुटत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला त्या दिवशी शून्य.

त्यानंतर चार वेळा जाऊन आलो. आता कास्ट मारतात, तीस-पस्तीस फूट जाते, रॉड काखेतून हातात आलाय पण मासा लागला की परत काखेत. टब त्यांना सगळ्यात आवडला, म्हणतात ही एकच अकलेची वस्तू आहे तुमच्यात. टाइड टेबल फ्रीजवर लावलंय आणि शेजारी कालनिर्णय. ऑगस्टमधल्या हम्पीसाठी कॅच रेकॉर्ड कार्ड घेऊन ठेवलंय, स्पिनिंगवाले, तेव्हा लिंकन पार्कला भेटू, तुमचा बझ बॉम्ब आणि अण्णांची गुलाबी फ्लाय. बायको आता म्हणतेय बाबांना जरा घरात पण राहू दे.

एक घोळ झालाय आणि त्यासाठीच खरं तर आज लिहितोय. परवा परत निघताना मी रॉड न उतरवता तसाच गाडीत घातला आणि डिकीचं दार लावलं. वरचा तुकडा गेला. अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं. कंपनीकडून नवा तुकडा यायला तीन आठवडे म्हणतात. कुणाकडे जास्तीचा सहा वेट पडून असेल तर थोडे दिवस द्याल का? शनिवारी सकाळी सातनंतर ओहोटी लागतेय, अण्णांनी कालनिर्णयवर गोल करून ठेवलाय.

टॅकोमाकर

माझ्याकडे काकांचा आहे, सहा वेटच, जुना आहे पण सरळ आहे. शनिवारी साडेसहाला पर्डीला या, मी पुलाच्या अलीकडे असेन. ती तेलकट रेघ मला पण दाखवा म्हणावं अण्णांना, मी तिथे सात वर्षं जातोय.